चार चिठ्ठ्या

हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस डोक्यात घोळ चालला होता. शेवटी मोठ्या आईलाच फोन केला. ती म्हणाली, "लिही ना बापू. फक्त डॉक्टरसाहेबाचं नाव नको लिहू. माणूस वाईट नाही तो."

तर नाव लिहीत नाही. आणि माणूस खरंच वाईट नाही. म्हणूनच तर लिहितोय. वाईट डॉक्टरांवर लिहिणं सोपं असतं. चांगल्या डॉक्टरच्या हातून एवढी मोठी गोष्ट सुटली कशी, हा प्रश्न माझ्या मानगुटीवरून उतरत नाही.

आमचं गाव धानोरा. गडचिरोलीहून पूर्वेकडे ३५-४० किलोमीटर. पुढे तोच रस्ता मुरुमगाववरून छत्तीसगडात जातो. दोन्ही बाजूंना जंगल, मोहाचे दिवस असले की रस्त्यावर वास, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याची गडबड. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. पण बहुतेक घरांचा एक "आपला" डॉक्टर असतो. पाटीवर डिग्री कोणती आहे ते कोणी वाचत नाही. ताप आला की तिथं, पोट दुखलं की तिथं, लेकीच्या सोयरिकीचा सल्लाही तिथंच!

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, जिल्हा परिषद शाळेत गुरुजी होते. कडक माणूस. दारूला कधी शिवले नाहीत, पण खर्रा सुटला नाही. विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोट घोट घोटायचा आणि दिवसभर गालात धरून बसायचं, त्याला खर्रा म्हणतात. आमच्याकडे चहा नाही दिला तर चालतं, खर्रा विचारला नाही तर माणूस रागावतो.

२०१७ च्या पावसाळ्यात मोठ्या बाबांचं "तोंड आलं". जेवताना मिरचीचा ठेचा ताटातून बाजूला सारायला लागले. मोठ्या आईला तेव्हाच नवल वाटलं होतं. डॉक्टरकडे गेले. बी-कॉम्प्लेक्स मिळालं. महिन्यानं पुन्हा गेले, लावायला मलम मिळालं. दिवाळीच्या आधी गेले, अँटिबायोटिक मिळालं. संक्रांतीच्या सुमारास चौथ्यांदा गेले, तेव्हा दुसरं, जास्त ताकदीचं अँटिबायोटिक मिळालं. होळीला मी गावी गेलो तर त्यांना तोंड धड उघडता येईना. वरण-भात कालवून पातळ करून खात होते. दुसऱ्या दिवशी गाडी करून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं टॉर्च लावून गालाच्या आत पाहिलं. अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा बदलला. तुकडा काढून तपासायला पाठवायच्या आधीच आम्हाला सगळं कळलं होतं.

ऑपरेशनमध्ये जबड्याचा एक भाग गेला. मग शेक दिला. २०१९ च्या उन्हाळ्यात मोठे बाबा गेले.

तेरवीनंतर कागद आवरताना पेन्शनच्या पुस्तकात एक पन्नी सापडली. गुरुजी माणूस, सगळं जपून ठेवायचे. आत डॉक्टरच्या चार चिठ्ठ्या होत्या. तारखेप्रमाणे लावलेल्या. मी त्या ओळीनं मांडल्या आणि पाहत बसलो. चारही एकत्र पाहिल्या तर शाळकरी पोरगाही म्हणेल, अरे, हे बरं होत नाहीये! पण त्या चार चिठ्ठ्या एकत्र कधी कोणी पाहिल्याच नव्हत्या. डॉक्टरकडे नोंद नव्हती. मोठे बाबा जुनी चिठ्ठी घरी ठेवून जायचे. त्यामुळे त्यांची प्रत्येक फेरी ही डॉक्टरच्या लेखी पहिलीच फेरी होती.

आता डॉक्टरची बाजू. ती मांडली नाही तर मोठी आई मला बोलेल.

तापाच्या दिवसांत त्यांच्याकडे बाकावर जागा नसते. आलेल्या शंभर तोंडाच्या फोडांपैकी बहुतेक सगळे आपोआप बरे होणारेच असतात. नेमका न बरा होणारा एक ओळखायचा, तोही दोन मिनिटांत. बरं, ओळखला तरी पुढे काय? "नागपूरला जा" म्हणणं सोपं आहे. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, त्याआधी धानोरा ते गडचिरोली. मजुरी बुडते, सोबत एक माणूस लागतो. त्यात आपल्या लोकांचा संशय! डॉक्टरनं तपासणीला पाठवलं की बाहेर पडल्याबरोबर म्हणतात, "याचा कट असेल तिथं." (आणि कट घेणारेही आहेत, त्यामुळे संशय अगदीच हवेतला नाही.) आम्हाला सुई टोचणारा, सलाईन लावणारा डॉक्टर हुशार वाटतो. "थांबा, मला आधी नीट पाहू द्या" म्हणणाऱ्याला काही समजत नाही, असं आपण ठरवून टाकतो. मोठे बाबाही डॉक्टरला खर्रा किती खातो ते खरं सांगत नसणार, हे मी पैजेवर सांगतो.

हे सगळं मान्य. तरी माझं म्हणणं असं की यातल्या कोणत्याही अडचणीमुळे तोंडात टॉर्च मारून पाहणं अडत नव्हतं. आणि चार फेऱ्या मोजणं अडत नव्हतं.

गंमत अशी की मोजून रोग ओळखायचा धडा साऱ्या जगाला आमच्याच जिल्ह्यानं दिलाय! धानोऱ्याच्या रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं. लहान मुलांच्या निमोनियावर त्यांनी जे काम केलं ते १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. साधा खोकला कुठला आणि निमोनिया कुठला, हे गावात कसं ओळखायचं? एक्स-रे नाही, डॉक्टर नाही. उत्तर होतं, श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढच्या तान्ह्याचे ५० किंवा जास्त असले तर धोका. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांनी मण्यांचं एक साधन बनवलं. सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर निमोनिया. औषध सुरू करा. एवढंच! त्या गावांमध्ये निमोनियानं होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले.

ज्या बाईला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, तिनं हे केलं. ती डॉक्टरपेक्षा हुशार होती असं नाही. तिला एक पक्का नियम दिला होता आणि तो नियम ती प्रत्येक लेकराला लावत होती, ओळखीचं असो की अनोळखी, घाई असो की नसो.

आणि "न पाहणं" किती महाग पडतं, तेही याच जिल्ह्यानं दाखवलं. १९८९ साली राणीताईंचा अभ्यास आला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तर ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या "अंगावरून जातंय", "कंबर दुखते" म्हणत दिवस ढकलत होत्या.

तोंडाच्या कॅन्सरचं तर आणखी सोपं आहे. तो पोटात लपून बसत नाही, समोर असतो. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. आरोग्य कार्यकर्ते घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासत. २००५ साली निकाल आला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले होते. लागलं काय, तर उजेड आणि पाहायची सवय.

चार फेऱ्यांचं म्हणाल तर इंग्लंडसारख्या देशालाही ते आत्ता सुचलंय. तिथं एका तरुण मुलीनं डॉक्टरांशी वीसपेक्षा जास्त वेळा संपर्क केला, तरी तिचा कॅन्सर वेळेत कळला नाही आणि २०२० साली ती गेली. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या नावानं 'जेसचा नियम' आला. त्याच तक्रारीसाठी माणूस तिसऱ्यांदा आला, किंवा त्रास वाढतच चालला, तर डॉक्टरनं थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून विचार करायचा. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा त्या चार चिठ्ठ्याच आठवल्या. तिसरी चिठ्ठी दिवाळीच्या आधीची होती.

मग आपल्याकडे काय करता येईल? मी डॉक्टर नाही, मास्तराच्या घरातला माणूस आहे, त्यामुळे माझं डोकं वही-पेनापलीकडे जात नाही.

पहिलं म्हणजे नोंद. जुने डॉक्टर केसपेपर ठेवायचे, तसा एक कागद प्रत्येकाचा दवाखान्यातच राहू द्या. तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की लाल खूण. आमचा लाल मणी तोच.

दुसरं, टेबलावर काचेखाली एक यादी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, तर खोकल्याचं औषध बदलण्याआधी बेडका तपासा. ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे. गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट नावाचं लहान मशीन आता तासा-दोन तासांत टीबी सांगतं, पण कोणी थुंकी पाठवलीच नाही तर मशीन बिचारं काय करणार? ताप असेल तर सुई मारण्याआधी मलेरियासाठी रक्त. लेकराचे हातपाय पुन्हा पुन्हा दुखतात, डोळे पिवळे दिसतात, रक्त कमी आहे, तर "वाढीचं दुखणं" म्हणण्याआधी सिकलसेलची तपासणी. आमच्या भागात हा आजार घरोघरी ऐकू येतो, २०२३ पासून त्याचं राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. आणि तोंडातली जखम किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर चौथं औषध नको, पुढे पाठवा.

तिसरं, डॉक्टरनं एक वाक्य बोलायची सवय लावावी. "पंधरा दिवसांत बरं वाटलं नाही तर परत या. आणि ही चिठ्ठी घेऊन या." मोठे बाबा गुरुजी होते. सांगितलं असतं तर चिठ्ठी नक्की नेली असती.

चौथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोठ्या दवाखान्यानं गावच्या डॉक्टरला उलट निरोप द्यावा. हे मला उगीच सुचलेलं नाही. वर्षश्राद्धाच्या वेळी गावी गेलो तेव्हा त्या चार चिठ्ठ्या घेऊन मी आमच्या डॉक्टरकडे गेलो. खरं सांगतो, भांडायलाच गेलो होतो. त्यांनी चिठ्ठ्या हातात घेतल्या, चष्मा लावला, एकेक वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी गेले ते मला कळलं होतं. कशानं गेले ते कोणीच सांगितलं नाही. मला वाटलं, गुण आला म्हणून यायचे बंद झाले."

मला एकदम काही बोलताच आलं नाही. आपलं काय चुकलं हे ज्याला कधी कळतच नाही, तो सुधारणार कसा? नागपूरच्या दवाखान्यानं कळवलं नाही, आणि आम्ही घरच्यांनी तरी कुठं कळवलं! आम्ही तर रागानं त्यांच्या दारावरून जाणंच सोडलं होतं. त्या दोन वर्षांत त्यांच्याकडे आणखी किती खर्रा खाणारे "तोंड आलं" म्हणून आले असतील, हा विचार मी मुद्दामच पुढे नेत नाही.

मागच्या खेपेला बाबांना बीपीसाठी त्यांच्याकडेच नेलं. बाबा खर्रा खात नाहीत. तरी डॉक्टरनं आधी टॉर्च काढला आणि म्हणाले, "आ करा." बाबा चिडले, "मला काही झालं नाही तोंडाला!" डॉक्टर काही बोलले नाहीत, पाहिलं आणि मग पट्टा बांधला.

एका टॉर्चनं जिल्हा सुधारत नाही, मला कळतं. सरकारी कागदावर तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी व्हावी असं केव्हाचं लिहिलेलं आहे. आशाताई फॉर्मही भरतात. पण माणूस आजारी पडल्यावर पहिल्यांदा जातो तो आपल्या डॉक्टरकडेच. ते दार नीट झालं तर पुढचं बरंच नीट होईल, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. विशेषतः डॉक्टर असाल तर, रागावून का होईना!

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. आपल्यात अजून कोण कोण खर्रा खातं ते मला माहीत आहे, नावं लिहीत नाही. आज जेवायच्या आधी आरशासमोर उभे राहा आणि तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील, किंवा गालात पांढरा-लाल चट्टा दिसत असेल, तर मला फोन करा. गाडी मी घेऊन येतो.