बंब दूर, म्हणून नियम जवळ हवेत

बारामती तालुक्यातल्या सोमेश्वरनगर परिसरात महाविद्यालयांच्या सुरक्षेचा विषय निघाला की एक युक्तिवाद हटकून पुढे येतो. आगीपासून बचावाचे हे निकष पुण्या-मुंबईच्या उंच इमारतींसाठी आहेत, आपलं आवार मोकळं, भोवती झाडं, पोरं दोन मजले सहज उतरतील. हा युक्तिवाद मला साफ अमान्य आहे.

जीव वाचतो तो मोकळ्या जिन्यामुळे, मोकळ्या आवारामुळे नव्हे. तमिळनाडूतल्या कुंभकोणमची शाळा गगनचुंबी नव्हती. १६ जुलै २००४ रोजी स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्याच प्रकरणातून २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. सुरतेच्या तक्षशिला संकुलात २४ मे २०१९ रोजी २२ विद्यार्थी दगावले, कारण खाली उतरायची वाटच आगीत सापडली.

उलट गावाकडच्या महाविद्यालयाला नियम अधिक कडक हवेत. बारामतीहून बंब निघाला तरी तो पोचायला वेळ लागणार. इथल्या साखर कारखान्याची माणसं मदतीला धावतीलही, पण गळीत हंगामात नीरा-बारामती रस्त्यावर उसाच्या जोड ट्रॉल्यांची रांग असते. पहिली दहा मिनिटं आवारातल्या माणसांनाच निभवायची आहेत.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो अगदीच खोटा नाही. अनुदान अपुरं, फी भरताना शेतकऱ्याची दमछाक. पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं कपाट उघडून पाहा. बाटल्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावल्या की असिटोनजवळ अमोनियम नायट्रेट येऊन बसतं, म्हणजे पेटणारं आणि पेट वाढवणारं एकाच फळीवर. ती फळी बदलायला एक दुपार पुरते. जिन्याखालची मोडकी बाकं हलवायला, जाळीच्या दाराचं कुलूप काढायला, अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे पाहायला कुठल्या निधीची वाट पाहायची?

तिसरं म्हणणं सगळ्यांत जास्त घातक वाटतं: ‘आमचं ग्रीन ऑडिट झालंय.’ महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात पर्यावरणाला गुण आहेत, ही चांगलीच गोष्ट. मात्र त्यामुळे पर्यावरणाची फाइल एकीकडे आणि सुरक्षेची दुसरीकडे, अशी वाटणी होऊन बसली. प्रत्यक्षात पर्यावरण आणि सुरक्षा वेगळी करताच येत नाहीत. इथली जमीन काळी, पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. स्वच्छतागृहामागचा गळका पाइप नुसतं पाणी वाया घालवत नाही. पायाजवळची माती फुगवून भिंतीला तडा देतो. छतावरचे सौर पॅनेल वीज वाचवतात, पण मुख्य स्विच बंद केला तरी ऊन असेतोवर पॅनेलकडून येणाऱ्या तारांत वीज असतेच. ते धुवायला वर चढणाऱ्या शिपायाला हे कुणी सांगितलंय का? तिथे कठडा आहे का?

पाण्याचंही तसंच. नीरा डाव्या कालव्याने १८८५ पासून हा भाग पोसला, म्हणून आपण पर्जन्यछायेत राहतो याचा विसर पडतो. हजार चौरस मीटर छतावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, गळती वजा केली, तरी चार लाख लिटर पाणी मिळतं. ते साठवलं तर बाग जगेल, आणि आगीच्या वेळी टाकी रिकामी सापडणार नाही. फक्त त्या टाकीला भक्कम झाकण हवं.

मग करायचं काय? नवा कायदा नको. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र बंधनकारक केलं आहे. ते प्राचार्यांच्या कपाटात न ठेवता सूचनाफलकावर लावा. मु. सा. काकडे महाविद्यालयासारखी इथली महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. संलग्नीकरणाला येणाऱ्या स्थानिक चौकशी समितीने सभागृहात कागद चाळण्याआधी जिना चढावा, वसतिगृहाचं मागचं दार स्वतः उघडून पाहावं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी दर महिन्याला पाणी-विजेची मीटरं वाचून आकडे त्याच फलकावर लिहावेत. आणि मुलींच्या वसतिगृहात वर्षातून दोनदा, न सांगता, रात्रीच्या अंधारात आगीचा सराव व्हावा. घड्याळ लावून, शेवटची मुलगी बाहेर येईपर्यंत.