कुलूप पडद्यावर, किल्ली सातबाऱ्यात

जिल्हा परिषदेच्या शाळांत डिजिटल वर्ग आले. पण पडद्यावर नुसती गाणी बघून पोरं शहाणी होतील काय? त्यापेक्षा कोडी सोडवत कुलुपं उघडण्याचा 'एस्केप रूम' खेळ मांडावा. गुगल फॉर्ममध्ये अचूक आकडा टाकल्याशिवाय पुढचे पान उघडू नये, अशी सोय करता येते. मात्र कोडी गावातली हवीत. गुरुजींनी नमुन्याचा सातबारा बनवावा. चाळीस गुंठ्यांचा एकर. मग अडीच एकराचे गुंठे किती? नमुना बारामध्ये ऊस किती, सोयाबीन किती, बेरीज सांगा! 'हो की नाही' असले प्रश्न नकोत. अंदाजाने उघडते ते कुलूप कसले? वीज गेली तर कागदी प्रत असावी. महसूलच्या भाऊसाहेबांनीही एक तास द्यावा. सातबारा वाचता येणाऱ्या पोराला उद्या बांधावर कोणी सहज फसवणार नाही.