कालची फॅशन, आजची सभ्यता

जून महिना उजाडला, की पावसाबरोबर आणखी एक गोष्ट आमच्याकडे नेमाने येते. ती म्हणजे विद्यार्थ्यांच्या पोशाखाविषयीची चर्चा. यंदा महाविद्यालयाने त्यासाठी एक छोटी समिती नेमली आणि तीत प्रस्तुत लेखकालाही ओढले. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाचा कपड्यांशी संबंध काय, असे विचारले असता, ‘सर, मागणी-पुरवठा तुम्हीच शिकवता ना?’ असे उत्तर मिळाले. पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी तक्रार मांडली : सिनेमाने आणि मोबाइलने मुले बिघडली, आमच्या वेळी पोशाख साधा आणि शालीन असे. बाईंच्या अंगावर त्या दिवशी फिक्या रंगाचा चुडीदार-कुडता होता, आणि खांद्यावर नीट पिन केलेली ओढणी. पोशाख खरोखरच शालीन होता. परंतु तो मराठी मध्यमवर्गीय घरात आला कोणत्या वाटेने, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही. तो येथे विचारतो.

चुडीदार हा उत्तरेकडचा जुना पोशाख. तो कोणा नटीने शोधून काढला, असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. परंतु मराठी घरांना तो परकाच होता. सलवार-कमीजला आपण कितीतरी वर्षे ‘पंजाबी ड्रेस’ म्हणत आलो, यातच सारे आले. १९६५ साली ‘वक्त’ प्रदर्शित झाला. त्यातील साधनाच्या अंगावरचे अंगाबरोबर बसणारे चुडीदार आणि कुडते शहरोशहरी नकलले गेले. ते कपडे भानू अथैया यांनी केले होते. या बाई कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. पुढे ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले, आणि ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. म्हणजे ज्या पोशाखाला आपण परप्रांतीय समजत होतो, त्याला पडद्यावर लोकप्रिय करणारे हात अस्सल कोल्हापुरी होते. तरीही पुढची पंचवीस-तीस वर्षे अनेक शाळांत बाई म्हणजे साडी, हा अलिखित नियमच होता. पंजाबी ड्रेस घालून वर्गावर जाणे म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतून बोलावणे येण्याची तयारी ठेवणे.

आणि आता काय आहे? १५ मार्च २०२४ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी शासन निर्णय काढला. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा वापरावा. शिक्षकांनी शर्ट-पँट घालावी आणि शर्ट आत खोचावा. जीन्स, टी-शर्ट, गडद रंग, नक्षीकाम नको. त्यापूर्वी डिसेंबर २०२० मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांसाठीही अशाच सूचना निघाल्या होत्या. त्यांत आठवड्यातून एक दिवस खादी वापरण्याचाही उल्लेख होता. शासनाने असे नियम करावेत की नाही, हा स्वतंत्र वाद आहे. मला गंमत वाटते ती निराळीच. एके काळी ज्या पोशाखावर भुवया उंचावल्या, तोच आज नियमाच्या यादीत साडीच्या शेजारी जाऊन बसला आहे. सभ्यतेची व्याख्या करणारे आपण सगळे, नकळत, एका विशिष्ट दशकापर्यंतचे चित्रपट मान्य करतो आणि त्यानंतरचे नाकारतो. ते दशक बहुधा आपल्या स्वतःच्या तारुण्याचे असते.

हे केवळ चित्रपटापासून सुरू झाले असेही नाही. पडद्याआधी रंगभूमी होती. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकेत नेसलेली लुगडी, त्यांचे दागिने, केसांत गजरा माळण्याची त्यांची तऱ्हा यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. स्त्रीने कसे दिसावे याचा धडा महाराष्ट्रातील स्त्रियांनी एका पुरुषाकडून घेतला, ही गोष्ट आजच्या शालीनतेच्या कैवाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ मध्ये (१९१३) तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली, कारण स्त्री मिळेना. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे यांच्यासारखी प्रतिष्ठित घरातील शिकलेली स्त्री त्याच तारामतीच्या रूपात पडद्यावर आली आणि चित्र पालटले. पडद्यावरची बाई ही आता आपल्यासारख्या घरातली बाई होती. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या, तेव्हा व्यापाऱ्यांनाही हे उमगले होते.

अर्थशास्त्रात या साऱ्याला नावे आहेत. व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये सांगितले, की माणूस आपल्याहून वरच्या थरातील लोकांकडे पाहून खर्च करतो. पुढे १९४९ मध्ये ड्यूसनबेरी यांनी ‘प्रदर्शन परिणामा’ची कल्पना मांडली : आपला खर्च केवळ आपल्या उत्पन्नावर नव्हे, तर शेजाऱ्याच्या खर्चावरही ठरतो. वर्गात मी हे शिकवितो तेव्हा मुले वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. पडद्यावरची उदाहरणे दिली की विसरत नाहीत. मात्र याच उदाहरणांनी सिद्धान्ताचे कच्चे दुवेही उघडे पडतात.

जी गोष्ट पडद्यावर दिसली ती लोकांनी उचलली, असे सरसकट कधीच घडलेले नाही. मा. विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’त (१९३८) मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या. त्या दृश्यासाठी लोकांनी चित्रपट पुन्हापुन्हा पाहिला. पण तो पोशाख कोणी शिवून घेतला नाही. घेऊन घालायचा कोठे? गाढी नदीवर, की वडाळे तळ्याच्या काठी? याउलट ‘लव्ह इन सिमला’तील (१९६०) साधनाची कपाळावर रुळणारी केसांची झालर गावोगाव गेली. दिग्दर्शक नय्यर यांनी तिचे रुंद कपाळ झाकण्यासाठी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर ती कापून घेतली होती. म्हणजे हॉलीवूडची एक युक्ती सिंधी मुलीच्या कपाळावरून आमच्या मावशीच्या कपाळावर आली. मावशीने शिवणाच्या कात्रीने स्वतःच केस कापले आणि आजीने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. या फॅशनला पैसा लागत नव्हता, हे तिच्या प्रसाराचे मोठे कारण. चुडीदाराला उरेब कापड लागते, ते जास्त जाते, आणि हात बसलेला टेलर लागतो. म्हणून तो सावकाश आला. किंमत आणि वापरण्याची जागा, या दोन गोष्टींवाचून कोणतीही फॅशन उंबरठा ओलांडत नाही.

परंतु एवढ्यानेही कोडे सुटत नाही. दादा कोंडके यांची हाफ पँट आणि तिची लोंबती नाडी सबंध महाराष्ट्राला पाठ होती. ‘सोंगाड्या’ (१९७१) पाहून लोक पोट धरून हसले. खर्च नगण्य, वापरण्याची जागा सर्वत्र. पण ती नाडी कोणी मिरविली नाही. व्हेब्लेन म्हणतील, बरोबरच आहे, अनुकरण वरच्यांचे होते, गरिबाचे नव्हे. मग ‘दीवार’चे (१९७५) काय करायचे? त्यातला विजय गोदीतला हमाल. अंगात निळा शर्ट, खाली बटणे न लावता पोटावर गाठ मारलेली. ही गाठ तरुणांनी उचलली, आणि तीही अशा तरुणांनी, ज्यांच्या वडिलांनी आयुष्यभर राबून मुलाला हमालीपासून दूर ठेवले होते. स्वतः अमिताभ बच्चन यांनी सांगितले आहे, की तो शर्ट चुकून फार लांब शिवला गेला होता आणि दुसरा शिवायला वेळ नव्हता, म्हणून गाठ मारली. एका शिलाईच्या चुकीतून सबंध पिढीचा तोरा निर्माण झाला! मला वाटते, लोक येथे श्रीमंती नकलत नव्हते. नाडीवाला गडी दुसऱ्यांना हसवीत होता. गाठवाला विजय कोणापुढे वाकत नव्हता. नोकरी शोधणाऱ्या, रांगेत उभ्या असलेल्या मुलाला कपड्यांतून हवे होते ते हे न वाकणे. माझ्या वडिलांच्या लग्नाच्या फोटोत रुंद कॉलर, कानशिलावर लांब कल्ले आणि खाली घेरदार बेलबॉटम आहे. ते एका कचेरीत कनिष्ठ लिपिक होते. साहेबासमोर आवाज चढविल्याचे त्यांना कधी आठवत नाही. फोटोत मात्र ते कोणाला भीत नाहीत.

जुन्या अनुकरणात आणि आजच्या अनुकरणात एक फरक आहे, आणि खरी काळजी करायचीच असेल तर ती येथे करावी. पूर्वी पडद्यावरचा कपडा पनवेलच्या माणसापर्यंत थेट पोहोचत नसे. मध्ये टेलरमास्तर असे. सिनेमाच्या मासिकातले फाडलेले पान घेऊन गिऱ्हाईक येई. मास्तर ते पान मशिनवर ठेवून पाहत, कापड किती आहे विचारत, आणि ‘हे तुम्हाला शोभणार नाही, बाही थोडी खाली घेऊ’ म्हणत. त्या बाहीत सिनेमाही असे आणि पनवेलही. शिलाईचा पैसा गावातच राही. आज मुलगी फोनवर पाहते, फोनवरच मागविते, आणि तिसऱ्या दिवशी तोच कपडा दारात येतो. बसला नाही तर परत जातो. बाजारातल्या माझ्या ओळखीच्या मास्तरांकडे आता नवे माप क्वचितच येते. तयार पँटची लांबी कमी करणे, चेन बदलणे, एवढेच काम उरले आहे. त्यांच्या मापांच्या जुन्या वह्या मात्र अजून फळीवर आहेत. मुले सिनेमाची नक्कल करतात याचे मला दुःख नाही. मधला माणूस गेला, याचे आहे. कोणत्याही पोशाख-समितीच्या कार्यकक्षेत हा विषय येत नाही.

समितीच्या मसुद्यात एक कलम होते : ‘चित्रपटांतील नटनट्यांचे अनुकरण करणारा पोशाख नसावा.’ मी विनंती केली, की हे कलम ठेवायचेच असेल तर कोणत्या सालापर्यंतचे चित्रपट चालतील, तेही लिहावे. थोडे हसणे झाले, थोडी नाराजीही झाली, आणि कलम पुढील बैठकीवर ढकलण्यात आले. जिना उतरताना त्या ज्येष्ठ बाई शेजारी आल्या. मला वाटले, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, ‘नव्वद साली मी पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून नोकरीवर आले ना सर, तेव्हा घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत वरून रेनकोट घातला होता.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘फेब्रुवारी महिना होता.’