निवड कोणाची, बाळंतपण कोणाचे?

मध्यंतरी एका अभ्यासवर्गात आरोग्यसेवेच्या खाजगीकरणावर बोलत असताना एका तरुण साथीने मला मध्येच थांबविले. "सर, सिझेरियन वाढली याचा दोष तुम्ही डॉक्टरांना देता. पण हल्ली बायकाच ते मागतात. कळा सोसायची तयारी कुणाची आहे?" सभागृहात हशा पिकला. मागच्या रांगेतल्या स्त्री-कार्यकर्त्या मात्र हसल्या नाहीत. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्राहकाने जे घेतले तेच त्याला पसंत होते असे समजावे, हा सॅम्युएल्सनने १९३८ साली मांडलेला विचार मी आयुष्यभर वर्गात शिकविला. भाजीबाजारापुरता तो बराही आहे. परंतु वैद्यकीय सेवेत विकणाराच घेणाऱ्याला त्याची गरज काय ते सांगत असतो. हा बाजार इतर बाजारांसारखा नव्हे, हे केनेथ अ‍ॅरोने १९६३ सालीच दाखवून दिले होते. रात्री दोन वाजता "बाळाचे ठोके कमी होताहेत, सही करा" असे ऐकणाऱ्या बाईच्या सहीला निवड म्हणायचे काय?

आकडे बोलके आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सिझेरियनचे देशातील प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २१.५ टक्के झाले. महाराष्ट्रात ते २५.४ टक्के होते. या देशव्यापी सरासरीच्या पोटात डोकावले तर सरकारी इस्पितळांत १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४ टक्के असे चित्र दिसते. खाजगीत जाणाऱ्या स्त्रिया अधिक सुस्थितीतल्या आणि काहीशा वयस्क असतात हे मान्य. पण अतिशय गुंतागुंतीच्या केसेस पुष्कळदा शेवटी सरकारी इस्पितळातच पाठविल्या जातात. तेव्हा एवढी तफावत शरीरशास्त्राने उलगडत नाही. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत गरोदरपणाच्या सुरुवातीला सुमारे २८ टक्के स्त्रियांनीच सिझेरियनला पसंती दिली होती. प्रत्यक्षात ते निम्म्याहून अधिक जणींवर झाले, आणि खाजगी क्षेत्रात तर दहांतल्या जवळजवळ नऊ जणींवर.

तरीही साथीचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. काही स्त्रिया मागतात. प्रश्न का मागतात हा आहे.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंची दोन बाळंतपणे झाली. पहिले सरकारी इस्पितळात. एका खोलीत तिघी, मध्ये पडदा नाही, आईला दाराबाहेर बसविलेले. ओरडली म्हणून मांडीवर चापट बसली, आणि वर "तेव्हा नाही ओरडलीस ती?" हे वाक्य. दुसऱ्या वेळी तिने बचतगटातून कर्ज काढले आणि खाजगी दवाखाना गाठला. "पोट फाडलं तरी चालेल, पण ते बोलणं नको," असे ती माझ्या पत्नीला म्हणाली. तिने विकत घेतला तो माणुसकीचा शब्द. शस्त्रक्रिया त्याबरोबर आली. पाहणीच्या रकान्यात मात्र याचीच नोंद 'पसंती' अशी होईल.

इतर कारणेही आहेत. कळांची वेदना कमी करणारी भूल सामान्य प्रसूतिगृहात क्वचितच मिळते. वेदनेवर तेवढा एकच उपाय समोर ठेवला तर कोण नाकारील? त्याच वेळी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया उरकते. नवऱ्याची रजा ठरविता येते. कुठे मुहूर्तही काढला जातो. डॉक्टरांची बाजूही पाहिली पाहिजे. पंधरा खाटांचा दवाखाना एकट्याने चालविणाऱ्याला बारा-चौदा तास एका खाटेशी बसणे परवडत नाही. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते. शिवाय काही बिघडले तर नातेवाईक अंगावर येतात. हा व्यक्तीच्या लोभापेक्षा व्यवस्थेच्या रचनेचा प्रश्न आहे.

आपल्याकडील काही मंडळी 'नैसर्गिक' या शब्दाने भारावून जातात. "आमच्या आज्या शेतात बाळंत होत," असे ते सांगतात. त्यांतल्या किती जणी परत आल्या नाहीत ते सांगत नाहीत. बिहारच्या सरकारी इस्पितळांत सिझेरियनचे प्रमाण २०१९-२१ मध्ये ३.६ टक्के होते. याचा अर्थ तेथे गरज असूनही शस्त्रक्रिया न मिळालेल्या स्त्रिया आहेत. आणि अनावश्यक शस्त्रक्रियेची किंमतही खरी आहे: भरून यायला लागणारे आठवडे, पुढच्या गरोदरपणात जुन्या व्रणावर वार चिकटण्याचा धोका. कायद्यातील २६ आठवड्यांची पगारी रजा शेतमजूर किंवा घरकामगार स्त्रीपर्यंत पोचतच नाही. ती टाके ओले असतानाच पुन्हा डोक्यावर ओझे घेते.

ब्राझीलने २०१५ मध्ये खाजगी आरोग्य विमा योजनांना, विचारणा झाल्यास प्रत्येक इस्पितळाचे व डॉक्टरचे सिझेरियनचे प्रमाण सांगणे बंधनकारक केले. आपणही ते मागू शकतो. प्रशिक्षित परिचारिका-दाई कळांच्या वेळी शेजारी असावी, हीही मागणी जुनीच आहे. पण काही गोष्टींना नवा कायदा लागत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिकक्षातील सन्मानाची वागणूक आणि सोबतीला एक माणूस या गोष्टी लिहिलेल्याच आहेत. ग्रामीण रुग्णालयांवर आपले मोर्चे औषधांच्या तुटवड्यासाठी निघतातच. त्या मागणीपत्रकात आणखी दोन ओळी घालाव्यात: खाटांमध्ये पडदा, आणि बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीची एक बाई. आणि त्या ओळी वाचून दाखवायला त्या मागच्या रांगेतल्या, न हसलेल्या साथींना पुढे करावे.