नाकेबंदी आणि रोग

ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूर पोलिसांनी गंगाजमुना वस्तीची नाकेबंदी केली. अल्पवयीन मुलींची खरेदी-विक्री थांबलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु अशा अडथळ्यांनी कुंटणखान्याचा मालक थोडाच अडतो? वस्तीतून पांगलेली स्त्री अनोळखी लॉजमध्ये एकटी पडते. निरोध आणि रक्ततपासणी तिच्यापर्यंत पोचत नाही, गिऱ्हाइकाला नकार देण्याचे बळ आणखी घटते, आणि एचआयव्हीचे निदान उशिरा होण्याचा धोका वाढतो.

या धोक्याला ‘अनीती’चे फळ म्हणणे सोयीचे आहे. वस्तुतः ती स्त्री आहे, निर्धन आहे, पुष्कळदा दलित वा भटक्या-विमुक्त समाजातील आहे, परगावची आहे. आणि यांतील प्रत्येक वंचना दुसरीची पकड घट्ट करते. रहिवासाचा पुरावा नाही म्हणून शिधापत्रिका नाही. घरात धान्य नाही म्हणून गिऱ्हाइकाची अट मान्य! सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाकाळात, अशा स्त्रियांना ओळखीचा पुरावा न मागता शिधा देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. त्यांना ओळखायचे कोणी? राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने! नागरिक म्हणून जिची नोंद नाही, तिला शासन रोगाच्या वहीतून ओळखते.

२०१७ चा कायदा एचआयव्हीच्या कारणावरून होणाऱ्या भेदभावास मनाई करतो. जात आणि धंदा पाहून दवाखान्यात होणारी हेटाळणी मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहते. नागपुरातील कार्यकर्त्यांनी आरोग्यशिबिरांच्याही आधी या स्त्रियांच्या शिधापत्रिकांचा प्रश्न हाती घ्यावा.