झडप बदलली, जबाबदारी कोणाकडे?

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात पाळी संपण्याचा भोंगा झाला म्हणून नियंत्रण कक्षातील खुर्ची रिकामी टाकून कोणी घरी जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस हजर झाला पाहिजे, मागच्या पाळीत काय घडले ते लॉगबुकात लिहिलेले असले पाहिजे, आणि नव्याने ते वाचून ताबा घेतला पाहिजे. मगच पहिला मोकळा होतो. शेजारच्या भुसावळ जंक्शनवर गाडीचे चालक बदलतात तेव्हाही रीत हीच. बॉयलरच्या आणि इंजिनाच्या बाबतीत जी खबरदारी आपण गृहीत धरतो ती माणसाच्या हृदयाच्या बाबतीत घेतली जात नाही, असे म्हटले तर काहींना ते अतिशयोक्त वाटेल. परंतु हृदयाची झडप बदलून खानदेशात परतलेल्या रुग्णाच्या वाट्याला पुढे काय येते ते जवळून पाहिलेल्या कोणालाही याहून सौम्य शब्द सुचणार नाही.

झडपांचा विकार हा आपल्याकडे बव्हंशी गरिबांचा विकार आहे. दाटीवाटीच्या घरात वाढणाऱ्या मुलाचा घसा दुखतो, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. पुढे संधिवाताचा ताप येतो, सांधे सुजतात आणि काही दिवसांत बरेही होतात. पण हृदयाच्या झडपांवर जो आघात व्हायचा तो होऊन गेलेला असतो, आणि विशी-पंचविशीत जिना चढताना धाप लागू लागली म्हणजे तो उघडकीस येतो. श्रीमंत देशांतून हा रोग जवळजवळ हद्दपार झाला. जगाच्या उरलेल्या भागात तो इतका ठाण मांडून बसला आहे की २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेला त्यावर स्वतंत्र ठराव करावा लागला.

या रोगावरील शस्त्रक्रिया मात्र आज अप्राप्य राहिलेली नाही. डॉ. अल्बर्ट स्टार यांनी अमेरिकेत पहिली यशस्वी कृत्रिम मायट्रल झडप बसविली ती १९६० साली. १९६८ साली दीपनगरचा पहिला संच सुरू झाला, आणि त्याच वर्षी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपणाचे धाडस केले. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली देशी झडप तयार केली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविली गेली. झडपेची किंमत त्यामुळे आवाक्यात आली. पुढे जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि जळगावलाही तिचा लाभ मिळाला. महात्मा जोतिबा फुले यांचे नाव धारण करणारी आजची योजना ती हीच. जी शस्त्रक्रिया शेतमजुराला स्वप्नातही परवडली नसती ती या योजनेमुळे त्याच्या मुलीवर होऊ शकली, हे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे.

पण शस्त्रक्रिया हा या कथेचा पूर्वार्ध झाला. धातूची किंवा कार्बनची यांत्रिक झडप शरीराला परकी असते. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. ते कमी पडले तर झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. जास्त झाले तर मेंदूत वा पोटात रक्तस्राव होतो. या दोन संकटांमधली वाट अरुंद आहे आणि ती मोजण्याचे साधन म्हणजे आयएनआर ही रक्ततपासणी. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता यावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली हे माप प्रमाण ठरविले. मायट्रलच्या यांत्रिक झडपेसाठी हा आकडा साधारणतः अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राखावा लागतो. सुरुवातीला दर आठवड्याला आणि स्थिरावल्यावर महिन्याला एकदा तरी तपासणी करावी लागते, आणि आकड्याप्रमाणे गोळीची मात्रा पाव-अर्ध्याने बदलावी लागते.

हा आकडा कशाने हलतो? आपल्या ताटातल्या भाजीनेही हलतो. हिवाळ्यात मेथी, पालक, पोकळा स्वस्त होतात. शेताशेतांत भरिताच्या पंगती बसतात आणि त्या भरितात कांद्याची हिरवी पात सढळ हाताने पडते. पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते. म्हणून पालेभाजी वर्ज्य करावी असे मुळीच नाही. रोजचे प्रमाण सारखे ठेवावे आणि ऋतू पालटताना तपासणी चुकवू नये, एवढेच. हे समजावून सांगणारा कोणी नसल्यामुळे विपरीत घडते. केळीच्या या मुलुखात रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांवर असलेले रुग्ण केळी सोडून देतात आणि कांद्याची पात खात राहतात! केळ्यात हे जीवनसत्त्व नावापुरतेच असते.

औषधांचे प्रकरण याहून अवघड आहे. जुलाबासाठी लिहून दिलेल्या मेट्रोनिडाझोलने रक्त एकदम पातळ होऊ शकते. क्षयावरील रिफाम्पिसिनने उलट परिणाम होतो. अंगदुखीवरची साधी गोळी जठरात रक्तस्राव घडवू शकते. एका कंपनीची गोळी संपली म्हणून दुसऱ्या नावाची घेतली आणि पहिली सापडल्यावर दोन्ही चालू ठेवल्या, असेही घडू शकते. आता तर तपासणीची गरज नसलेल्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत. त्या इतर विकारांत उपयुक्त आहेत. पण यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर त्यांपैकी एकीची जी चाचणी घेण्यात आली ती गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे २०१२ साली मध्येच थांबवावी लागली. रुग्णाचा त्रास वाचावा अशा सद्हेतूने एखाद्या डॉक्टरने गोळी बदलून दिली तर तो सद्हेतूच घातक ठरायचा.

कल्पना करा की दीपनगरच्या एका कंत्राटी कामगाराच्या सव्वीस वर्षांच्या पत्नीची झडप मुंबईत बदलली आहे. कायम कर्मचाऱ्याला निदान वैद्यकीय खर्चाच्या परताव्याचा आधार असतो. कंत्राटी कामगाराच्या हाती फक्त योजनेचे कार्ड. घरी निघताना तिला इंग्रजीत लिहिलेले डिस्चार्ज कार्ड मिळते. त्यावर गोळीचे नाव, मात्रा आणि ‘एक महिन्याने दाखविणे’ एवढा मजकूर. मुंबई येथून सुमारे साडेचारशे किलोमीटर. पहिल्या महिन्यात दोघे रोज बुडवून जातात, दुसऱ्या महिन्यात जाणे होत नाही. भुसावळला रक्त तपासले जाते, कागद हाती पडतो. तो वाचायचा कोणी? जवळचे डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया जेथे झाली तेथे विचारा. तेथे ज्या शिकाऊ डॉक्टराने कार्ड लिहिले त्याची दुसऱ्या विभागात बदली झालेली असते. दाढ दुखू लागते तेव्हा दंतवैद्य म्हणतो, रक्त पातळ करणारी गोळी बंद करण्याची परवानगी आणा. परवानगी कोणाची, हे ठाऊक नसल्यामुळे ती स्वतःच चार दिवस गोळी बंद ठेवते. वास्तविक साधी दाढ काढण्यासाठी ही गोळी सहसा बंद करावी लागत नाही. आधी आयएनआर पाहावा लागतो आणि झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून तासभर अगोदर प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते.

आणि एवढ्यात तिला दिवस गेले तर? वॉरफरिन वारेमार्गे गर्भापर्यंत पोहोचते आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्याला व्यंग आणू शकते. आणि ते एकदम थांबविले तर आईच्या जिवावर बेतते. हेपॅरिनवर न्यायचे की कमी मात्रेत तीच गोळी चालू ठेवायची, हा निर्णय हृदयतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून आणि शक्य तर दिवस जाण्याआधी घ्यायचा असतो. आपल्याकडे या दोघांची गाठ रुग्णाच्या पिशवीतल्या कागदांच्या द्वारेच पडते. तीही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, म्हणजे धोक्याचा काळ उलटून गेल्यावर. शस्त्रक्रियेपूर्वी यांत्रिक झडप बसवायची की जैविक, हे ठरतानादेखील मुलांचा विषय निघाला होता काय, असे अनेक घरांत विचारून पाहिले तर उत्तर नकारार्थी येईल. जैविक झडपेला जन्मभर ही गोळी लागत नाही, पण तरुण वयात ती दहा-पंधरा वर्षांत झिजते व पुन्हा छाती उघडावी लागते. दोन वाईटांतून एक निवडायचे आहे. निवड रुग्णाने समजून केलेली असावी इतकेच म्हणणे आहे.

यात कोणी एक दोषी आहे असे आम्हांला वाटत नाही. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत शस्त्रक्रियेसाठी महिनोन् महिने रांग असते. खाट रिकामी करण्याची घाई असते, पत्र लिहायला उसंत नसते. गावच्या डॉक्टराला भीती वाटते. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली तेव्हापासून दुसऱ्याच्या रुग्णाला हात लावताना तो दहा वेळा विचार करतो. हृदयाचा रुग्ण म्हटल्यावर त्याला परत पाठविणे हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच असते. रुग्णही सर्वस्वी निरपराध नाहीत. एका डॉक्टराने दिलेले औषध दुसऱ्यापासून लपविणे ही आपली जुनी खोड आहे, आणि बरे वाटू लागताच गोळी सोडणे ही दुसरी. पण या सर्वांच्या फटीतून जो निसटतो तो रुग्ण मरतो तेव्हा त्याची नोंद पक्षाघात म्हणून होते. दोन डॉक्टरांमधल्या न लिहिलेल्या पत्राची नोंद कोठेच होत नाही.

वास्तविक ते पत्र लिहिणे ऐच्छिक नाही. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेल्या व्यावसायिक आचारनियमांत स्पष्ट म्हटले आहे की रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठविताना मूळ डॉक्टराने त्याचा वृत्तान्त सोबत द्यावा आणि तज्ज्ञाने आपले मत मूळ डॉक्टराला लेखी कळवावे. रुग्णाने मागणी केल्यास त्याचे कागदपत्र ७२ तासांच्या आत दिले पाहिजेत, असेही त्याच नियमांत आहे. नियम आहे, तो मोडल्याबद्दल कोणाला जाब विचारला जात नाही इतकेच.

सरकारी योजनेची दृष्टीही पूर्वार्धावरच खिळलेली आहे. तिच्या यादीत शस्त्रक्रियांबरोबर पाठपुराव्याच्या १२१ उपचारांचा समावेश झाला ही गोष्ट चांगली. परंतु पाठपुरावा म्हणजे रुग्णाने जेथे शस्त्रक्रिया झाली तेथेच परत जाणे, असा त्याचा अर्थ व्यवहारात होऊन बसला आहे. किती झडपा बदलल्या याचे आकडे अभिमानाने सांगितले जातात. त्यांपैकी किती रुग्णांचा आयएनआर गेल्या महिन्यात तपासला गेला, हा आकडा कोणी मागतच नाही.

आमच्या मते रुग्णाला घरी सोडण्याआधी त्याच्या गावाजवळच्या एका डॉक्टराचे नाव निश्चित झाले पाहिजे, आणि त्या डॉक्टराने ‘होय, मी पाहीन’ असे कळविल्यावाचून डिस्चार्ज पुरा समजला जाऊ नये. त्याच्या हाती मराठी व इंग्रजीत छापलेली एक वही यावी: झडप कोणती, कोठे बसविली, आयएनआर किती राखायचा, प्रत्येक तपासणीची तारीख, आकडा व मात्रा, आणि अडचण आली तर शल्यविभागात कोणत्या दूरध्वनीवर कोणाशी बोलायचे. हा दूरध्वनी व्यक्तीचा असू नये, विभागाचा असावा, माणसे बदलतात. ब्रिटनमध्ये अशी पिवळी पुस्तिका रुग्णाच्या खिशात असते. नेदरलँड्समध्ये तर याच एका कामासाठी स्वतंत्र सेवा आहे, आणि तिच्या परिचारिका वेळप्रसंगी घरी येऊन रक्त घेतात. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. क्षयाचा रुग्ण एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेला तर त्याचे उपचारपत्रक त्याच्यामागोमाग जावे, ही व्यवस्था आपल्याच आरोग्यखात्याने उभी केली आहे. क्षयाच्या बाबतीत जे सुचले ते झडपेच्या बाबतीत का सुचू नये?

धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून दुसरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आठवड्यातला एक दिवस या दोन्ही ठिकाणी केवळ झडपेच्या रुग्णांसाठी राखून ठेवला, तेथे प्रशिक्षित परिचारिका नेमली आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत आयएनआरची विश्वसनीय तपासणी मोफत केली, तर मुंबईच्या दहा फेऱ्यांपैकी नऊ वाचतील. डॉक्टराने डॉक्टराला दुरून विचारण्याची ई-संजीवनीसारखी सोय सरकारने केलीच आहे. ती सर्दीखोकल्यापुरती ठेवण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा प्रतिध्वनी चाचणीसाठी, किंवा धाप अचानक वाढली, झडपेची नेहमीची टिकटिक मंद झाली, तर मात्र मोठ्या रुग्णालयाकडे वळलेच पाहिजे. रात्री सर्व निजल्यावर ही टिकटिक रुग्णाला आणि कधीकधी शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येते. ती बदलली हे प्रथम त्यांनाच कळणार.

ज्या घरात इंग्रजी वाचणारा एखादा शिक्षक किंवा कारकून आहे त्या घरातील रुग्ण आज कसाबसा तरतो. तोच तारखा लक्षात ठेवतो, जुने अहवाल जपतो, दवाखान्यात दोन प्रश्न जास्त विचारतो. असा माणूस प्रत्येक घरात नसतो. तेव्हा ज्यांच्या आळीत, वसाहतीत, शाळेत असा रुग्ण आहे त्यांनी शासकीय वहीची वाट न पाहता शंभर पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर झडपेचे नाव, शस्त्रक्रियेची तारीख आणि ठरलेला आकडा मराठीत लिहावा. दुसऱ्या पानापासून रकाने आखावेत. जवळच्या डॉक्टराच्या नावासाठी वरती एक ओळ कोरी ठेवावी, आणि रुग्णाला सोबत घेऊन, ती भरून देण्यास राजी होईल असा डॉक्टर याच महिन्यात शोधावा.