विजेवर चालणारी आजी

मैत्रिणींनो, यंत्रमानव म्हटला की पत्र्याचं अंग आणि दिव्यांचे डोळे असलेला, खडखडत चालणारा कुणीतरी नजरेसमोर येतो. पण १९६२ साली अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर एक यंत्र अवतरलं, ते चक्क आजीच्या रूपात! 'द ट्वायलाइट झोन' ही रॉड सर्लिंग यांची गाजलेली मालिका. १८ मे १९६२ रोजी दाखवलेल्या तिच्या शंभराव्या भागाचं नाव 'आय सिंग द बॉडी इलेक्ट्रिक'. लेखक रे ब्रॅडबरी. विज्ञानकथा म्हणून पान उलटू नका हं. ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळची आहे.

तीन मुलांची आई वारलेली. एकट्या वडिलांना घर सावरेना. मग ते मुलांना घेऊन एका कंपनीत जातात. तिथे मागणीबरहुकूम आजी तयार करून मिळते! साडीच्या दुकानात आपण काठ-पदर निवडतो, तसे तिथे आजीचे डोळे, केस, आवाज निवडायचे. आजी घरी येते आणि घराला पुन्हा घरपण येतं. पण अ‍ॅन ही मुलगी काही तिला जवळ येऊ देत नाही. आई सोडून गेली, तशी हीसुद्धा जाणार, हा तिचा राग. एकदा ती तिरीमिरीत रस्त्यावर धावते, समोरून गाडी येते. आजी तिला बाजूला ढकलते आणि स्वतः धडकेत सापडते. पण लगेच धडधाकट उठून उभी राहते! ही मरायची नाही, एवढं कळल्यावर अ‍ॅनचा राग विरघळतो.

अ‍ॅनचा तो राग ब्रॅडबरींनी अगदी अचूक टिपलाय. आई गेलेलं मूल नेहमी रडतंच असं नाही. ते चिडतं, वस्तू फेकतं, माया लावणाऱ्यालाच बोचकारतं. मोठी माणसं त्याला हट्टी म्हणून मोकळी होतात. ब्रॅडबरींनी तसं केलं नाही, याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी गुण.

पण त्या दुःखावरचा त्यांचा तोडगा काही मला पटत नाही. अ‍ॅनला समजून घ्यायचं होतं ते एवढंच, की आई मुद्दाम टाकून गेली नाही. माणसं मरतात, पण त्यांनी केलेली माया खोटी ठरत नाही. ते समजायच्या आतच तिच्या हाती न मरणारी आजी पडते. जखम धुतलीच नाही, वर नुसती पट्टी बांधली!

दुसरी गोष्ट त्याहून जिव्हाळ्याची. ही आजी दमत नाही, वैतागत नाही, स्वतःसाठी काही मागत नाही. मुलं मोठी होऊन कॉलेजला निघाली, की हसतमुखानं निरोप घेऊन कंपनीत परत जाते. आता तिचे भाग सुटे करतील, याचीही तक्रार नाही. पाहणाऱ्याचे डोळे पाणावतात. पण तिला काय हवं होतं, हे घरात कुणी विचारतं का? पुढे १९६९ साली ब्रॅडबरींनी याची कथा लिहिली, १९८२ साली त्यावर दूरचित्रपटही झाला. त्यात मुलं म्हातारी होतात, तेव्हा आजी पुन्हा येते. म्हणजे पुन्हा सेवेलाच!

आता सांगा, अशी बाई फक्त कंपनीतच तयार होते का? 'आमच्या आईला कंटाळा म्हणून ठाऊक नाही' हे कौतुक आपण किती घरांत ऐकतो! ऐकून बरंही वाटतं. पण त्या कौतुकापायी गुडघे दुखत असताना पोळ्यांचा दुसरा घाणा लाटला जातो. यंत्राच्या मायेला मोल पडत नाही. तिचं काहीच खर्ची पडत नसतं. आपलं मात्र पडतं, आणि घरच्यांना ते दिसायला हवं.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. घरात कुणी गेलं असेल, तर मुलांपुढे त्या माणसाचं नाव टाळू नका. त्याच्या आठवणी काढा, मुलांना रडू द्या, रागावूही द्या. आणि एखाद्या संध्याकाळी खरंच दमला असाल, तर 'आज मी दमलेय, कुकर तुम्ही लावा' असं सरळ सांगा. शिट्ट्या मोजायला मुलांनाही येतात, आणि त्यांच्या बाबांनाही!